कोटेशनमध्ये ‘मॅट फिनिश’ लिहिलं होतं, लॅमिनेशन नव्हतं: लेबल छपाईत आम्ही कशा फसलो

आमची 3000 लेबलांची ऑर्डर वाया गेली. छापणाऱ्यानं पैसे परत केले नाहीत आणि करणारही नाही, कारण त्यानं लिहून दिलेला शब्द न् शब्द त्याला हवा तसा वळवता येतो. पहिल्यांदाच लेबलं छापून घेणाऱ्यांपैकी कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

वहिनी आणि मी घरी हात धुण्याचा लिक्विड साबण बनवतो. बाटली बेसिनजवळ राहणार, तिला सतत ओले हात लागणार. लेबल पाण्यात टिकलं पाहिजे, ही एकच अट आम्ही पहिल्या भेटीपासून सांगत होतो. त्यानं नमुन्यांची फाइल पुढे केली. त्यातलं एक लेबल दोघींनाही आवडलं. मखमली मॅट, आणि वर सोनेरी फॉइलमध्ये नाव. वहिनीनं नखानं खरवडून पाहिलं, ओरखडासुद्धा उठला नाही. "हेच हवंय," म्हटलं. "हेच मिळेल ताई," तो म्हणाला. कोटेशनमध्ये मात्र आलं: ‘वॉटरप्रूफ स्टिकर, मॅट फिनिश, गोल्ड इफेक्ट, डाय चार्ज वेगळा’. नमुन्याचंच वर्णन असेल असं समजून आम्ही ॲडव्हान्स देऊन टाकला.

लेबलं आली, बाटल्यांवर लावली. चौथ्या दिवशी आमच्याच बेसिनवरच्या बाटलीचं लेबल कडेनं फुगलेलं दिसलं. वहिनीनं अंगठ्यानं दाबलं तर वरचा थर सरकला आणि बोटाला पांढरा लगदा लागला. तो कागद होता. आम्हाला दाखवलेला नमुना बीओपीपीचा, म्हणजे प्लास्टिकच्या फिल्मचा, आणि हातात आलेला माल क्रोमोचा, म्हणजे एका बाजूनं गुळगुळीत कोटिंग केलेल्या कागदाचा. कोरडं लेबल बाटलीवर बसलेलं असताना हा फरक नवख्याला कळत नाही. फाडून पाहिलं की लगेच कळतो. कागद सहज फाटतो आणि फाटलेल्या कडेला तंतू दिसतात. फिल्म सहजासहजी फाटत नाही, आणि फाटलीच तरी तंतू निघत नाहीत. एक लेबल फाडून बघायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. आम्ही माल ताब्यात घेताना ते केलं नाही, याची हळहळ अजून जात नाही.

दुसरा घोळ ‘मॅट फिनिश’ या शब्दात होता. लॅमिनेशन म्हणजे छपाईवर चिकटवलेली वेगळी पातळ फिल्म. वार्निश म्हणजे छपाईवर दिलेला लेप, तो वाळला की काम संपलं. दोन्ही मॅट मिळतात, दोन्ही ग्लॉसी मिळतात, आणि दोन्हीला ‘फिनिश’ म्हणता येतं. वार्निश वाईट नसतं. कोरड्या जागी ठेवायच्या खोक्यावर ते पुरेसं आहे. पण रोज पाणी आणि घासाघीस सोसायची असेल तर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. आणि हेही लक्षात ठेवा, कागदावर लॅमिनेशन केलं तरी कापलेल्या कडा उघड्याच राहतात, पाणी तिथून आत शिरतं. म्हणून आधी मटेरियल विचारायचं, फिनिश नंतर.

‘गोल्ड इफेक्ट’ निघाला छपाईच्या नेहमीच्या चार रंगांतून जुळवलेला पिवळट तपकिरी. फॉइल म्हणजे धातूची चमक असलेली पन्नी. ती गरम ठशानं किंवा गमानं छपाईवर बसवतात, आणि लेबल तिरकं केलं की चमक हलते. मेटॅलिक शाई हा मधला प्रकार. चार रंगांच्या छपाईत चमक येतच नाही. मोबाइलवर आलेल्या पीडीएफ प्रूफमध्ये मात्र तोच रंग झळाळत होता, कारण स्क्रीन स्वतःच प्रकाश टाकते. मी त्यावर ‘ओके’ लिहिलं. पुढे भांडायला गेले तेव्हा तोच ‘ओके’ त्यानं मला दाखवला. पीडीएफवर मजकूर, स्पेलिंग आणि मांडणी तपासता येते. मटेरियल, फॉइल, फिनिश यांतलं काहीही त्यावर कळत नाही.

डायचे, म्हणजे लेबल मापात कापायच्या साच्याचे, पैसे वेगळे घेतले होते. लेबलची एका बाजूची बॉर्डर जवळजवळ नाहीशी झालेली दिसली, म्हणून पट्टी लावली. सांगितलं होतं 62 बाय 90 मिलिमीटर, निघालं 60 बाय 88. कटिंग एखादा मिलिमीटर इकडेतिकडे सरकतं, ते मी समजू शकते. त्यासाठीच तर डिझाइन कापायच्या रेषेच्या बाहेर साधारण 3 मिलिमीटर वाढवून ठेवतात आणि मजकूर तेवढाच आत घेतात. पण सरकलेल्या कटिंगनं माप बदलत नाही. सगळीच लेबलं लांबी आणि रुंदी दोन्हींत 2 मिलिमीटरनं लहान, म्हणजे आमच्यासाठी डाय केलीच नव्हती, त्याच्याकडे पडलेली वापरली. रोल मोजले तर नगही कमी भरले, बिल मात्र पूर्ण 3000चं.

जाब विचारायला दोघी गेलो. तो शांतपणे म्हणाला, "ताई, लॅमिनेशन कुठे लिहिलंय दाखवा. आणि शाई पसरली का? नाही ना? मग वॉटरप्रूफच आहे." शाई खरंच पसरली नव्हती. पण बाटली कुठे ठेवणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एक वस्तू हातात द्यायची आणि दुसरी लिहायची, याला मी गैरसमज म्हणणार नाही.

आता ऑर्डरच्या आधी मी हा मेसेज पाठवते. हवा तर उचला: ‘मटेरियलचं नाव आणि मायक्रॉन (फिल्मची जाडी) किंवा जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरला वजन) लिहा. वर लॅमिनेशन की वार्निश ते लिहा. सोनेरी भाग फॉइल, मेटॅलिक शाई की चार रंग, ते लिहा. गम पर्मनंट की काढता येणारा? कापल्यानंतरचं माप किती? डायचे पैसे घेत असाल तर डाय आमच्या नावानं जपून ठेवणार का? नग कमी भरले तर बिल किती नगांचं? खऱ्या मटेरियलवर, खऱ्या फिनिशसह छापलेला नमुना मंजूर केल्यावरच छपाई सुरू करावी.’ नमुना आला की बाटलीवर लावून पूर्ण एक दिवस तसाच ठेवते, कारण गम नीट धरायला तेवढा वेळ लागतो. लगेच पाण्यात बुडवला तर चांगलं लेबलही सुटू शकतं. मग रात्रभर पाण्यात, आणि सकाळी अंगठ्यानं कडा चोळून बघते.

नव्या प्रेसवाल्यानं हा मेसेज वाचून आधी एकच विचारलं, बाटली पंपाची आहे की दाबायची? दाबायच्या बाटलीवर बीओपीपीला सुरकुत्या पडतात, तिथे मऊ पीई, म्हणजे पॉलिथिनची, फिल्म लागते. आधीच्या माणसानं बाटली हातात घेऊनही पाहिली नव्हती.