नॅस घेताना आधी तारीख बघा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बाबांनी ८०-९०च्या दशकात ट्रेकला जाऊन काढलेल्या साधारण २३०० स्लाइड्स मी लॉकडाउनमध्ये एकेक करून स्कॅन केल्या. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, दोनदा लिंगाणा. त्यात लेकीचे फोटो आणि लग्नाचा व्हिडिओ धरून दीड टीबी माल. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ला बंद झाली, तेव्हा हे सगळं घरातच ठेवायचं ठरलं.

खरं तर घरात नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा, होताच. २०१२ साली घेतलेला, एका डिस्कचा. कंपनीचं नाव घेत नाही. नवा लॅपटॉप आणला आणि डबा नेटवर्कवर दिसेनासा झाला. कोथरूडच्या घरात एक अख्खा रविवार राउटर, केबल आणि शेवटी एकमेकांना दोष देण्यात गेला. डबा धडधाकट होता. त्याला नेटवर्कवरून फाइल देण्या-घेण्याची फक्त एसएमबी१ ही जुनी बोली येत होती, आणि विंडोज १० मध्ये २०१७च्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून ती मुळात बसवलेलीच नसते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी१मधल्या भोकातून. डब्याचे अपडेट कधीच थांबले होते, म्हणजे नवी बोली शिकायची सोय नाही. मी मुकाट्याने लॅपटॉपवर एसएमबी१ चालू केलं आणि तसंच वापरत राहिलो. शहाणपणा नव्हता तो.

जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाइव्ह हे नॅस जगभर लोकांच्या घरी बसल्या बसल्या बाहेरून पुसले गेले. त्यांना शेवटचं अपडेट २०१५मध्ये मिळालं होतं. माझा डबा तो नव्हता, पण वय तेच. त्या रात्री केबल उपटली.

नंतर बरीच वर्षं यूएसबी डिस्कवर भागवलं. गेल्या एप्रिलमध्ये दोन बेचा (दोन डिस्क बसणारा) नॅस घेतला. मॉडेलचं नाव देत नाही, कारण तुम्ही घ्यायला जाल तेव्हा ते बाजारात असेल-नसेल. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने आधी दुसरंच पुढे केलं. "साहेब, काम तेच करतं, जुनं मॉडेल आहे म्हणून चार हजार कमी." फसायला होतं ते इथेच. अपडेटची वर्षं तुमच्या बिलापासून मोजत नाहीत, मॉडेल बाजारात आलं तिथून मोजतात. पाच वर्षं गोदामात पडलेला नवा डबा म्हणजे पाच वर्षं वापरलेलाच डबा. सिनॉलॉजी कंपनीच्या मॉडेलच्या नावात हे बघायला सोपं आहे: डीएस२१८ मधले शेवटचे १८ म्हणजे २०१८ची पिढी. बाकी कंपन्यांचं मॉडेल त्यांच्या साइटवर शोधून सपोर्टची मुदत बघा. कुठे सापडलीच नाही, तर तो डबा घेऊ नका.

ओपनमीडियाव्हॉल्ट या फुकट नॅस सॉफ्टवेअरचाही विचार केला होता. डेबियन या लिनक्सवर चालतं, जुन्या पीसीवर बसतं, डेबियनची एक आवृत्ती एलटीएस (लांबवलेला सपोर्ट) धरून पाच वर्षं सांभाळली जाते. पण मी गावाला असताना काही अडलं तर आईने काय करायचं? म्हणून तयार डबाच घेतला.

डिस्क ४ टीबीच्या दोन, आरएआयडी १, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, नॅसमध्ये हळू पडणारी) नको, सीएमआरच (पट्टे वेगळे ठेवणारी) हवी. २०२०मध्ये डब्ल्यूडी रेडच्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या होत्या, तेव्हापासून मी मॉडेल नंबर टाकून बघितल्याशिवाय डिस्क घेत नाही. शिवाय डबा कुठल्या डिस्क चालवून घेतो तेही विचारा. सिनॉलॉजीने २०२५च्या प्लस मॉडेल्सवर दुसऱ्या कंपन्यांच्या डिस्कना आडकाठी केली आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ या नॅसच्या सॉफ्टवेअरसोबत ती काढली. म्हणजे सॉफ्टवेअर ज्याच्या हातात, नियमही त्याचेच.

बाबांचा प्रश्न एकच होता: "अरे, डबा बंद पडला तर माझे गड गेले का?"

दिवाळीच्या सुट्टीत उत्तर काढलं. आधी यूएसबी डिस्कवर पूर्ण कॉपी घेतली. नॅस बंद करून एक डिस्क बाहेर काढली, डॉकमधून जुन्या उबंटू लिनक्सच्या लॅपटॉपला लावली. पहिल्यांदा काहीच दिसेना. आतला आरएआयडी म्हणजे लिनक्सचाच एमडीएडीएम (डिस्क एकत्र जोडणारं साधन), पण त्याच्यावर एलव्हीएमचा (जागेचे भाग पाडणारा) थर आहे आणि तो वाचणारं एलव्हीएम२ मी इन्स्टॉलच केलं नव्हतं. ते टाकल्यावर व्हॉल्यूम वर आला, फक्त वाचण्यापुरता माउंट केला, तोरण्याचं फोल्डर उघडलं. बाबा खुर्ची ओढून बसले आणि पुढचा अर्धा तास बुधला माचीवर कोण कुठे घसरलं तेच चाललं होतं. याचसाठी डिस्कवर फाइल मांडायच्या पद्धतींपैकी बीटीआरएफएस सोडून ईएक्सटी४ घेतली होती. स्नॅपशॉट (फाइलींची जुनी स्थिती परत आणायची सोय) हुकले, पण कुठल्याही लिनक्सवर उघडते. डिस्क परत बसवल्यावर नॅसने दुरुस्ती मागितली, तिला सात तास लागले.

बाकीचं थोडक्यात. वेग गिगाबिट लॅनवर ११०च्या आसपास एमबी सेकंदाला, तक्रार नाही. वीज १७ वॅट, महिन्याला १२ युनिट. मेमध्ये डिस्क ४८ अंशांवर गेल्या, तेव्हा कपाटातून काढून हॉलमध्ये ठेवला. आता रात्री खरखर ऐकू येते. यूपीएसबाबत चूक माझी. ६०० व्हीएचा स्वस्तातला घेतला, त्याला यूएसबी पोर्टच नाही, मग बॅटरी संपत आलीय हे नॅसला कळणार कसं? एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली ती तीन तास आली नाही आणि नॅस धाडकन बंद. डेटा वाचला, पण डिस्क तपासण्यात रात्र गेली. आता यूएसबीवाला यूपीएस आहे. नाशिकच्या ताईला फोटो दाखवायचे तर घरच्या ब्रॉडबँडवर सीजीनॅट (अनेक घरांना मिळून एकच इंटरनेट पत्ता), म्हणून राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही. ते एका अर्थी बरंच. २०२२मध्ये डेडबोल्ट या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे कितीतरी नॅस कुलूपबंद केले होते. टेलस्केल या दोन घरांत खासगी नेटवर्क जोडणाऱ्या ॲपवर काम भागलं.

सपोर्ट संपायचा महिना आणि वर्ष मार्करने डब्याच्या पाठीवर लिहून ठेवलंय. धूळ पुसताना आईने वाचलं. म्हणाली, "लोणच्याच्या बरणीवर मी लिहिते तसं केलंयस होय?" तिसरी कॉपी ताईकडे ठेवायचीय, ती डिस्क अजून घ्यायचीय.