20 इंची सायकल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत बेळगावच्या शहापुरातील एका दुकानातून सात वर्षांच्या मुलीसाठी 20 इंची चाकांची, बिनगिअरची सायकल घेतली. दुकानदाराने आधाराची दोन छोटी चाके फुकट बसवून दिली होती; पण ती असताना सायकल वळणावर कलतच नाही आणि तोल सावरण्याची वेळच येत नाही, म्हणून दोन आठवड्यांत ती काढून टाकली. सोबत पायडलही काढली (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे पान्हा दोनदा घसरल्यावर आठवले). दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी सीट खाली येते, हा या सायकलचा सर्वांत मोठा गुण. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर मुलगी पायांनी रेटत फिरू लागली आणि ज्या बाजूला सायकल पडू पाहते त्याच बाजूला हँडल हलकेच वळवायचे, हे कोणी न सांगता तिच्या हातांना कळले. मी सांगायला गेलो होतो. त्याचा उपयोग झाला नाही. पायडल पुन्हा लावल्यावर ती पहिल्याच सकाळी पन्नासेक पावले सरळ गेली.

ब्रेकबाबत मात्र तक्रार आहे. लहान बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत पोहोचत नव्हती, त्यामुळे उतारावर ती चपला घासत थांबायची. दांडी जवळ आणण्याचा बारीक स्क्रू तिथेच असतो, पण सायकल देताना दुकानात तो कोणी दाखवला नाही, आवळणे तर दूरच. शिवाय रिम लोखंडी असल्याने बेळगावच्या पावसात ओल्या झाल्या की ब्रेक उशिरा लागतो. पहिल्या पावसात एकदा कुंपणाला टेकल्यानंतर आता ती कोपरा येण्याच्या बरीच आधी, मागचा ब्रेक अगोदर आणि पुढचा बेताने दाबते. अंतराचा असा अंदाज तिला रस्ता ओलांडतानाही येऊ लागला आहे, हे मला अनपेक्षित होते.

चेन महिन्यातून एकदा तरी उतरते. आता ती काडीने चेन उचलून पुढच्या चक्रावर स्वतःच चढवते आणि काळे हात माझ्या सदऱ्याला पुसते. मडगार्ड खडखडतो, घंटी उत्तम आहे.

घेणाऱ्यांनी मुलाला सोबत न्यावे, सीटवर बसवून तळवे टेकतात का ते पाहावे आणि ब्रेकचा स्क्रू तिथेच आवळून घ्यावा. उंची वाढेल या हिशेबाने 24 इंची घेऊ नये.