‘टीकप’ यॉर्कीच्या नावाखाली आजारी पिल्लू गळ्यात मारलं

गेल्या दिवाळीत आम्ही पुण्यात यॉर्कशायर टेरियर (यॉर्की) या लहानखुऱ्या जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घेतलं. ५५,००० रुपये मोजले. विकणारा म्हणाला, “टीकप आहे ताई, म्हणजे कपात मावेल एवढी. तीन महिन्यांची झालीय, आता फार वाढणार नाही.” वजन जेमतेम अर्धा किलो. पिल्लाची आई दाखवा म्हटलं तर “ती फार्मवर आहे”, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) जातीच्या नोंदणीचे कागद “कुरिअरने येतील”. हायवेलगतच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये त्याने बुटांच्या खोक्यातून पिल्लू काढून दिलं. माझ्या हातावर ते गप्प पडून राहिलं. “बघा, किती शांत स्वभाव!” मला ते पटलं, याचं आजही वाईट वाटतं.

कारण यॉर्की असा नसतो. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांत उंदीर मारायला ठेवलेली ही जात. तीन किलोंच्या आसपासचा जीव, पण दाराची बेल वाजली की घर डोक्यावर घेतो, मोठ्या कुत्र्याच्याही अंगावर धावून जातो. निरोगी पिल्लू जागं असेपर्यंत काही ना काही हुंगत, कुरतडत असतं. आमची चिंगी नुसती झोपून होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मान टाकली, फिट आली. डॉक्टरांनी पाहिलं तर रक्तातली साखर पार उतरलेली. इतक्या लहान पिल्लाचं पोट काही तास रिकामं राहिलं तरी असं होऊ शकतं. दात बघून ते म्हणाले, “तीन महिने कसले? सहा आठवड्यांचीही नसेल. मागचे दुधाचे दात अजून हिरडीतून वर येतायत.” केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, हे तेव्हा कळलं. ‘टीकप’ अशी वेगळी जातही नाही. तो फक्त विकण्यासाठी काढलेला शब्द.

पुढे वजन वाढेना. खाल्लं की ती भिंतीला डोकं टेकून उभी राहायची. रक्ततपासणी आणि सोनोग्राफीत लिव्हर शंट निघाला, म्हणजे आतड्याकडचं रक्त यकृतात न जाता बाहेरूनच पुढे निघून जातं. यॉर्कींमध्ये हा जन्मजात दोष बराच आढळतो. विकणाऱ्याला रिपोर्ट पाठवल्यावर “तुम्ही नीट सांभाळलं नाही” एवढं लिहून त्याने मला ब्लॉक केलं.

पिल्लू घ्यायचं असेल तर ते जिथे जन्मलं तिथे जाऊन, आईजवळ खेळताना बघा. विकणाऱ्याकडे राज्य पशु कल्याण मंडळाचं नोंदणीपत्र मागा. नाही म्हणाला तर परत फिरा. पैसे देण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा.

औषधं आणि पथ्याचं खाणं सुरू केल्यावर बाराव्या दिवशी चिंगी बेल ऐकून पहिल्यांदा भुंकली. ऑपरेशनसाठी मात्र तिचं वजन अजून कमी पडतंय.