शिक्का वाचायचाय? अमेरिकी होल्स्टर घ्यावं की जर्मन?

जुन्या लष्करी वस्तूंच्या बाजारात दोन चामडी होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायची कमरेची म्यानं, शेजारी पडलेली आहेत. एक तपकिरी, झडपेवर लंबगोलात ‘यू. एस.’ अशी अक्षरं उठवलेलं. दुसरं काळं, टणक, पेटीसारखं, ते जर्मन. खिशात पैसे एकापुरतेच. ‘हे कुणी बनवलं’ याचं उत्तर छातीठोकपणे द्यायचं असेल, तर पहिल्या खरेदीला मी अमेरिकी घ्या म्हणेन.

अमेरिकी म्हणजे कोल्टच्या १९११ पिस्तुलासाठीचं एम १९१६. ते उलटं करा. मागच्या बाजूला कारखान्याचं नाव किंवा आद्याक्षरं आणि बहुधा सालही दाबलेलं असतं. पहिल्या महायुद्धातल्या मालावर रॉक आयलंड आर्सेनल, ग्रॅटन अँड नाइट, वॉरेन ही नावं दिसतात, सोबत तपासनिसाची आद्याक्षरं. दुसऱ्या महायुद्धातली नावं वेगळी: बॉइट, एंगर-क्रेस, मिलवॉकी सॅडलरी, सीअर्स. यातलं सीअर्स म्हणजे कॅटलॉगवाली प्रसिद्ध कंपनी नव्हे, आयोवातल्या डेव्हनपोर्टची खोगीर बनवणारी सीअर्स सॅडलरी. विक्रेते दुसरीच गोष्ट ऐकवतात, पण साल आणि नाव तेच राहतं, त्यामुळे तुमचं काही बिघडत नाही.

एक फसवी गोष्ट मात्र आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी सैन्य काळ्या चामड्याकडे वळलं आणि जुना तपकिरी माल रंगवून वापरात राहिला. म्हणून १९४३चा शिक्का असलेलं काळं होल्स्टर दिसलं की लगेच नकली म्हणू नका. झडप उचलून आत डोकवा, मूळ तपकिरी रंग कुठेतरी शिल्लक असतो.

जर्मन पी ०८ (म्हणजे ल्यूगर) किंवा पी ३८ पिस्तुलाचं होल्स्टर दिसायला देखणं. जादा मॅगझिनचा कप्पा, पी ०८च्या झडपेत पिस्तूल खोलायच्या अवजारासाठी छोटा खिसा, कारागिरी उजवीच. युद्धाच्या सुरुवातीपर्यंतच्या मालावर मागे कारखान्याचं नाव, गाव, साल आणि गरुडाखाली आकडा असलेला तपासणीचा ठसा असतो. पुढे गुप्ततेसाठी नावं गेली आणि तीन लहान रोमन अक्षरांचे संकेत आले. ‘जीएक्सवाय’ म्हणजे ड्रेस्डेनचे क्लिंगे बंधू, ‘सीडीजी’ म्हणजे श्टुटगार्टचे आउवेर्टर उंड बुबेक, ‘बीएमएल’ म्हणजे नॉय-उल्मचे हान्स रोमर. युद्धाच्या शेवटी शेवटी तर नुसते लांबलचक नोंदणी क्रमांक. यादी हाताशी नसेल तर वाचणारा आंधळाच. त्यात गरुडामुळे किंमत चढते, आणि किंमत चढली की नकली ठसे आलेच.

आणि नकली ठसा ओळखणं हीच खरी कसोटी. खोलीतला दिवा मालवा, टॉर्च चामड्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. कारखान्यात मारलेला ठसा चामड्याबरोबर म्हातारा झालेला असतो: अक्षरांच्या कडा गोलसर, खळग्यांत मळ आणि पॉलिश, बारीक भेगा अक्षरांच्या आरपार गेलेल्या. जुन्या चामड्यावर हल्ली मारलेल्या ठशाच्या कडा धारदार असतात, तळ ताजा दिसतो आणि भेगा अक्षराशी येऊन चिरडलेल्या असतात. शिवणही बघा. नायलॉनचा दोरा आढळला तर निदान दुरुस्ती तरी झालेली आहे. वाचायच्या आधी तेल मात्र लावू नका. चामडं फुगतं आणि पुसट अक्षरं बुजतात. माझं एक होल्स्टर मी अशा हौसेपायीच मुकं करून ठेवलंय.

नागरी माल, म्हणजे डेन्व्हरच्या हायझरसारख्यांचा, वाचायला सगळ्यात सोपा, कारण तिथे नाव हीच जाहिरात. पण साल बहुधा नसतं, त्यामुळे काळ ठरवताना घाम फुटतो.

जर्मन घ्यावं असं मी एकाच प्रसंगी म्हणेन: वस्तू घरातूनच आलेली असेल तर. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या, आणि तिथे समोर जर्मन फौजच होती. आजोबांच्या ट्रंकेत पी ३८चं होल्स्टर निघालं, तर शिक्क्याच्या जोडीला त्यांचं सर्व्हिस बुक असतं, आणि तसला कागद बाजारातल्या टेबलावर मिळत नाही. तिथेही सालाचा मेळ आधी घाला. आजोबा १९४४च्या अखेरीस परतले असतील आणि ठशात १९४५ असेल, तर ते होल्स्टर त्यांनी इटलीतून आणलेलं नाही.