हाय व्होल्टेज ज्योतीवर द्यावं की हवेवर?

विद्युतभारित हवेचा ज्वलनावर होणारा परिणाम हा विषय शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला घेणार असाल, तर आधी मांडणी ठरवावी लागेल. बर्नरच्या दोन बाजूंना हाय व्होल्टेजच्या प्लेटा लावायच्या, की बर्नरकडे जाणारी हवाच सुयांच्या कोरोनातून, म्हणजे हाय व्होल्टेज दिलेल्या टोकांभोवती हवेत होणाऱ्या मंद विद्युत विसर्गातून, न्यायची? मी दोन्ही करून पाहिलं आहे.

सुरुवात हवेपासून केली, कारण विषयाच्या नावाला तीच मांडणी जवळची वाटली. पण कोरोनातले आयन (विद्युतभारित कण) नळीच्या भिंतीला लागून किंवा एकमेकांना भेटून वाटेतच संपतात. बर्नरपर्यंत पोचतो तो मुख्यतः कोरोनात हवेतल्या ऑक्सिजनपासून तयार झालेला ओझोन. तो निरुपयोगी नाही. ज्योतीजवळच्या उष्णतेत तो फुटतो, ऑक्सिजनचे सुटे अणू मिळतात आणि ज्वलनाला वेग येतो. गॅस कमी ठेवला तरी ज्योत जरा जास्त तग धरायची, असं निदान डोळ्यांना दिसलं. मात्र हा परिणाम प्रभाराचा म्हणायचा की ओझोनचा, ते मला वेगळं काढता आलं नाही.

एवढ्यावरून मी ती मांडणी सोडली नसती. सोडायला लावलं रबरी नळीने. ओझोन रबराला खातो आणि ताण असेल तिथे आधी खातो. वाकणाच्या बाहेरच्या अंगाला बारीक आडव्या भेगा पडल्या, हवा गळू लागली, मिश्रण नकळत बदलत गेलं. आठवडाभराची निरीक्षणं बाद करावी लागली. नळी बदलली, पुन्हा तेच. सिलिकॉनची नळी टिकते म्हणा, पण बंद खोलीत घसा खवखवतो त्याला ती काय करणार? एक्झॉस्ट फॅन नसेल तर या वाटेला जाऊच नका.

प्लेटांच्या मांडणीत आयन बाहेरून आणावे लागत नाहीत. हायड्रोकार्बन जळताना ज्योत ते स्वतःच तयार करते, त्यात हायड्रोनियम (H₃O⁺) हा धन आयन प्रमुख. हे धन आयन ऋण प्लेटकडे धावताना हवेला ढकलतात आणि ज्योत तिकडे झुकते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम ब्रँड यांनी १८१४ मध्येच असं झुकणं नोंदवलं होतं. इथला परिणाम रासायनिक कमी आणि वाऱ्याचा जास्त, हे मान्य. गरम वायूतून ठिणगीही लवकर उडते, म्हणून मालिकेत मोठा रोध हवाच. तुमच्या गाइडना रसायनच हवं असेल, तर हवेची मांडणी घ्यावी लागेल.

पण साधी मेणबत्ती ठेवून बघा. स्विच दाबताच ज्योत कलते, आणि संध्याकाळी काजळी पुसावी लागते ती बहुतेक ऋण प्लेटवरचीच.