स्टिल ०७० साठी बदली बार: ३० इंची, अखंड नाकाचा, बिननावाचा

कोकणातल्या वखारींत आणि वाड्यांत ‘कटर’, म्हणजे साखळीची करवत (चेनसॉ), म्हटलं की अजूनही पुष्कळ ठिकाणी स्टिल ०७० च पुढे येतं. १०६ सीसीचं इंजिन, चेन ब्रेक नाही, स्टिलच्याच १९५९ च्या कॉन्ट्रा मॉडेलच्या घराण्यातलं हे मशीन. ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते, या दोन वादळांत आडवे झालेले माड, आंबे, फणस तोडताना अशी कितीतरी जुनी मशिनं पुन्हा बाहेर निघाली. यांचं इंजिन सहसा दगा देत नाही, आधी जातो तो बार, म्हणजे जिच्या कडेवरून चेन फिरते ती लांब पोलादी पट्टी. म्हणून स्पेअरच्या दुकानांत ‘०७० चा बार’ म्हणून मिळणाऱ्या, कंपनीचं नाव नसलेल्या बारचं हे परीक्षण. माप ३० इंच, ४०४ पिच (चेनच्या लिंकांमधलं अंतर, ०.४०४ इंच), १.६ मिमी गेज (खोबणीची रुंदी), नाक अखंड, म्हणजे टोकाला फिरतं चाक नसलेलं. किंमत नाववाल्या बारच्या निम्म्याहून कमी.

निकाल आधीच सांगतो: पोलाद चांगलं आहे, पण पुड्यातून काढून थेट मशीनवर चढवायचा हा माल नाही. अर्धा दिवस कामाच्या टेबलावर द्यावा लागतो. तो दिला नाही तर नवा बार पहिल्याच मोठ्या ओंडक्यावर तापून निळा पडेल.

विकत घेण्याआधी मापं जुळवा. दुकानदार ‘०७० चा’ म्हणतो तेवढ्यावर जाऊ नका, कारण ०७० च्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि त्यांतल्या काहींवर तीन-अष्टमांश इंच पिचची स्प्रॉकेट (चेन फिरवणारी दातेरी चकती) असते. चेनवरच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांचं मध्य ते मध्य अंतर व्हर्नियरने घ्या. ४०४ असेल तर ते साधारण २०.५ मिमी येतं, तीन-अष्टमांश असेल तर १९ मिमी. ड्राइव्ह लिंकची, म्हणजे चेनच्या खाली उतरणाऱ्या जिभेची, जाडी १.६ हवी. जुनी चेन झिजून जीभ १.४ वर आली असेल तर ती नव्या खोबणीत डुलते आणि काप तिरका जातो. मग दोष बारला दिला जातो.

खोबणीची खोलीही मोजा. ४०४ चेनला किमान ७ मिमी लागते. त्याखाली जिभेचं टोक तळाला घासतं, चेन कडांवरून उचलली जाते आणि तेल पुढे सरकत नाही. या बारची खोली पुरेशी आहे, पण आत रंगाचा थर बसलेला होता. करवतीचं जुनं पातं (हॅक्सॉचं) १.६ च्या खोबणीत सहज शिरतं. ते पूर्ण लांबीभर दोन-तीनदा ओढलं की रंग भुग्यासारखा निघतो. तेलाच्या भोकांतही तोच रंग होता, तो तारेने काढावा लागला.

मशीनच्या स्टडवर (बार धरणाऱ्या बोल्टांवर) बसणारी खाच नीट आहे. बार हाताने सरकतो, वर-खाली हलवला तर खेळ जाणवत नाही. चेन ताणणाऱ्या पिनचं भोकही जागेवर आहे. बार सरळ आहे का ते सुतार फळी पाहतो तसं एका टोकाकडून डोळा लावून पाहावं आणि मग जाड काचेवर ठेवून खात्री करावी. आमच्या हाती आलेला बार सरळ निघाला.

आता तेलाचं भोक. या बारचा खरा दोष इथे आहे. पंपाचं तेल मशीनच्या अंगावरच्या फटीतून येतं, अंग आणि बार यांच्यामधल्या बाजूच्या पत्र्यातून जातं आणि बारच्या भोकातून खोबणीत उतरतं. तिथून चेनच्या जिभा ते पुढे ओढत नेतात. बार पुढे-मागे सरकतो तसं भोकही फटीपुढे सरकतं. म्हणून जुळणी एकदा नाही, दोनदा पाहायची: बार पूर्ण मागे असताना आणि पूर्ण पुढे असताना. पद्धत सोपी आहे. मशीनवरच्या तेलाच्या फटीभोवती ग्रीसचा पातळ हात फिरवा, बार लावून नट हलकेच आवळा, काढा आणि ठसा पाहा. या बारवर पुढच्या जागेत भोक पूर्ण उघडं मिळतं, मागच्या जागेत मात्र ते फटीच्या मागे जातं आणि अर्धं झाकतं. नवी चेन अजून लांबलेली नसल्यामुळे बार मागेच बसतो. म्हणजे बार आणि चेन दोन्ही कोरे असताना, जेव्हा तेलाची गरज सगळ्यात जास्त, तेव्हाच तेल सगळ्यात कमी. चार टाक्या पेट्रोल जाळल्यावर चेन लांबते, बार पुढे येतो आणि तेल आपोआप सुधारतं, पण तोवर कडा तापून मऊ झालेल्या असतात. ‘सुरुवातीला बार तापला, नंतर ठीक चाललं’ अशी तक्रार या मालाबद्दल ऐकू येते, तिचं कारण बहुधा हेच.

उपाय म्हणून नवं भोक पाडू नका. छोट्या ग्राइंडरला बारीक दगड लावून भोकाचं तोंड मशीनकडच्या बाजूने पुढे, म्हणजे नाकाच्या दिशेने, चार-पाच मिमी लांबवा. खोली एक-दीड मिमी पुरे. ही उथळ पन्हळ बारच्या काठापर्यंत नेली तर तेल बाहेर गळेल, म्हणून काठापासून आतच थांबा. बार उलटला की वरचं भोक खाली जातं आणि दुसरी बाजू मशीनकडे येते. त्यामुळे एका बाजूला वरच्या भोकाशी आणि दुसऱ्या बाजूला खालच्या भोकाशी, अशा दोन पन्हळी हव्यात. दगड एका जागी दाबून धरला तर पोलाद तापतं, म्हणून टेकवत-उचलत घासा. झाल्यावर डिझेलने धुऊन हवेचा झोत मारा. पोलादाचा किस आत राहिला तर तो चेनबरोबर पूर्ण बारभर फिरेल.

बाजूचा पत्रा आहे का तेही पाहा. जुन्या ०७० वर तो पुष्कळदा हरवलेला असतो. पत्र्याशिवाय बार अंगाला सपाट टेकत नाही आणि तेल खोबणीऐवजी कव्हरमध्ये जातं. नवा बार घेऊन पत्र्याचे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही.

कडांवर कारखान्याची बोचरी धार राहिली होती. सपाट कानसीने ती ४५ अंशांत उतरवली. त्यानंतर बार कडांवर उभा करून गुण्या लावला तर एक कड दुसरीपेक्षा किंचित उंच. एवढ्या फरकानेही चेन एका अंगाला कलते आणि मोठ्या ओंडक्यात काप वळतो. कानस लाकडी ठोकळ्याला काटकोनात बांधून कडांवरून सरळ ओढली की पातळी येते. जपून ओढा, कारण टणक केलेला थर फार जाड नसतो. कानस कडेवर घसरत होती, धडावर लागत होती. हे चांगलं लक्षण आहे. नाकावर ती अजिबात चावत नाही, म्हणजे तिथला टणक धातूचा थर खरा आहे, नुसता रंग नाही. या किमतीत हे मिळणं मोठी गोष्ट.

अखंड नाकाचीच शिफारस करतो, आणि कारण किनाऱ्याचं आहे. सुरूच्या बनातल्या खोडाच्या सालीत रेती भरलेली असते, आतल्या गावांत जांभ्याची धूळ. फिरत्या चाकाच्या नाकातलं बेअरिंग ही रेती फार दिवस सोसत नाही आणि त्याला रोज ग्रीस घालण्याची शिस्त कामावर पाळली जात नाही. अखंड नाकाला घर्षण जास्त, म्हणून चेन थोडी सैल ठेवावी लागते आणि तेलात कसूर चालत नाही. शिवाय नाकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की मशीन अंगावर उसळतं, आणि या मशीनला चेन ब्रेक नाही. डाव्या हाताचा अंगठा दांड्याखालून वळवून पकड घट्ट ठेवा, नाकाने टोचून कापू नका.

बसवताना स्पार्क प्लगची टोपी आधी काढा. कव्हर उतरवून भुसा साफ करा. फणस-आंब्याचा चीक भुशात मिसळून दगडासारखा बसलेला असतो, तो केरोसिनने सुटतो. स्प्रॉकेटच्या दातांवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल चर पडले असतील तर स्प्रॉकेट बदला, नाहीतर ती नवी चेनही बिघडवेल. ताणाचा स्क्रू पूर्ण मागे घ्या, बार चढवा, पिन भोकात बसली याची बोटाने खात्री करा. पिन न बसता नट आवळला तर बार वाकतो किंवा पिन मोडते. चेन घालताना वरच्या बाजूचे दात नाकाकडे तोंड करून हवेत. चेनच्या लिंका जुन्या चेनवर मोजून सांगू नका. ३० इंच लिहिलेल्या दोन बारांत एक-दोन लिंकांचा फरक पडतो. बार लावून, चेन गुंडाळून, मगच तोडा. जोडल्यावर ताणाच्या स्क्रूची निम्म्याहून जास्त चाल शिल्लक राहिली पाहिजे.

ताण देताना बारचं नाक वर उचलून धरा आणि तसंच धरून दोन्ही नट आवळा. नाक खाली असताना आवळलं तर पहिल्या कापातच बार वर सरकतो आणि चेन सैल पडते. चेन खालच्या कडेला जेमतेम टेकलेली हवी, पण हातमोजा घालून ओढली तर सहज फिरली पाहिजे.

पहिली दोन-तीन मिनिटं लाकूड न लावता अर्ध्या थ्रॉटलवर चालवा. नाक सिमेंटच्या कोऱ्या पोत्याकडे धरा, त्यावर तेलाची रेघ उठली पाहिजे. मग बंद करून, थंड होऊ देऊन ताण पुन्हा पाहा. कामावरची साधी खूण अशी: पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळजवळ संपायला हवी. अर्धं तेल उरलं तर कुठेतरी अडलेलं आहे. जळकं इंजिन ऑइल घालण्याची सवय इथे सर्रास आहे. त्यात धातूचा कण असतो, जाळी तुंबते आणि नवा बार आतून घासला जातो. ताजं २०डब्ल्यू-४० घाला.

पन्हळ पाडल्यावर हा बार आंब्याच्या आणि ऐनाच्या ओंडक्यांवर तापला नाही, काप सरळ गेला. माडावर चेन लवकर बोथट होते. तो माडाच्या खोडातल्या टणक धाग्यांचा आणि सालीतल्या रेतीचा गुण, बारचा दोष नव्हे. चेनला ५.५ मिमीची गोल कानस, धारेचा कोन आडव्या कापाला ३० अंश, फळ्या चिरायला १० अंश, डेप्थ गेज (दातापुढचा उंचवटा) दातापेक्षा ०.८ मिमी खाली. उभं चिरताना लांब शेवया निघतात आणि कव्हरमध्ये गुंडाळतात, त्या वरचेवर काढाव्या लागतात. दर वेळी धार लावताना बार उलटा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

चेन गरम असताना ताणली असेल तर काम संपल्यावर सैल करायला विसरू नका. थंड होताना ती आवळते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ओढ येते. पावसाळ्यात मशीन बाजूला ठेवायचं असेल तर बार काढून खोबणी साफ करा, दोन्ही बाजूंना तेलाचा हात द्या आणि प्लास्टिकऐवजी तेलकट फडक्यात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि खाऱ्या वाऱ्याचा गंज आधी तेलाच्या भोकात धरतो.

हाताशी ग्राइंडर, व्हर्नियर आणि गुण्या असेल तर हा बार घ्या. नसेल, आणि गावात ते काम करून देणारा वर्कशॉपवालाही नसेल, तर दुपटीहून जास्त पैसे मोजून नाववाला बार घेणं स्वस्त पडेल. त्याच दुकानदाराने सोबत देऊ केलेली बिननावाची चेन मात्र घेऊ नका. तिच्या रिव्हेटा एकसारख्या बसवलेल्या नव्हत्या, काही लिंका हाताने वळतच नव्हत्या. अशी चेन नाकावरून जाताना अडखळते आणि तुटली तर मागे, हाताकडे येते.