वायरगार्ड: जोडणी झटपट, पण बिघडलं की अवाक्षर नाही

घरून काम करणाऱ्यांच्या व्हीपीएनची, म्हणजे घरचा लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या व्यवस्थेची, जबाबदारी माझ्याकडे आहे. आधी आमच्याकडे ओपनव्हीपीएन होतं, आता जवळजवळ सगळे वायरगार्डवर आले आहेत. वेगाबद्दल फार लिहीत नाही, तो उत्तमच आहे. लॅपटॉप वायफायवरून मोबाइल हॉटस्पॉटवर नेला तरी टनेल (सर्व्हरपर्यंतची कूटबद्ध जोडणी) तुटत नाही, आणि रोजच्या वापरात मला ही गोष्ट वेगापेक्षा मोलाची वाटते. मूळ कोड साधारण चार हजार ओळींचा आणि मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून तो थेट लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये आहे, त्यामुळे सर्व्हरवर वेगळं काही बसवत बसावं लागत नाही. पण व्हीपीएनची खरी परीक्षा ते चालत नसतं तेव्हा होते, म्हणून त्याबद्दलच सविस्तर सांगते.

ओळखीची 'की' (कूटकिल्ली) नसलेल्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, वायरगार्ड उत्तरच देत नाही. बाहेरून पोर्ट तपासणाऱ्याला इथे काही आहे याचा पत्ता लागत नाही, आणि सुरक्षेसाठी हे मला मनापासून पटतं. अडचण अशी की चुकीची पब्लिक की, फायरवॉलने अडवलेलं यूडीपी (वायरगार्ड ज्या पद्धतीने डेटा पाठवतं ती) आणि चुकलेला सर्व्हरचा पत्ता, तिन्ही बिघाड वापरणाऱ्याला अगदी सारखे दिसतात. वर ॲपमध्ये 'ॲक्टिव्ह' असं लिहून येतं! त्या शब्दाचा अर्थ एवढाच की त्याच्या मशीनवरचा इंटरफेस, म्हणजे टनेलचं इकडचं टोक, सुरू झाला. सर्व्हरशी बोलणं झालं असं त्यातून अजिबात ठरत नाही.

त्यामुळे फोन आला की मी आधी ॲपमधली 'लेटेस्ट हँडशेक' (सर्व्हरशी शेवटची ओळख कधी पटली) ही ओळ वाचायला सांगते. ती ओळच नसेल आणि पाठवलेला डेटा वाढतोय पण आलेला शून्यावर आहे, तर बिघाड वाटेत किंवा कीमध्ये. डेटा सुरू असताना हँडशेक दर दोन मिनिटांच्या आसपास नवा होत राहतो. तो ताजा असेल तर टनेल ठीक आहे, मग डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), राउटिंग (मार्ग ठरवणं), 'अलाउड आयपीज' (टनेलमधून जाणाऱ्या पत्त्यांची यादी) या बाजूला वळायचं. या एका ओळीने निम्मं काम होतं.

सगळ्यात फसवा प्रकार एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा. टनेल जोडलेला, पिंग जातोय, लॉगिनचं पानही येतं, पण मोठी फाइल उघडायला गेलं की सगळं गोठतं. लोक सर्व्हरला दोष देतात. वायरगार्ड सहसा १४२० एमटीयू धरतं, म्हणजे १५०० मधून स्वतःच्या वेष्टनाचे ८० बाइट वजा करून. वाटेतलं एखादं नेटवर्क १५०० पेक्षा कमीच नेत असेल तर मोठी पॅकेट मध्येच गळतात. क्लायंटवर १२८० टाकून बघा. फाइल उघडली तर दुखणं सापडलं, मग हळूहळू आकडा वाढवत न्या.

घरच्या राउटरचा आणि ऑफिसचा आयपी पत्त्यांचा पट्टा एकच, १९२.१६८.१.०, असणं हेही नेहमीचं. लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो. तात्पुरता इलाज म्हणून त्या एका सर्व्हरचा पत्ता /३२ (म्हणजे फक्त तो एकच पत्ता) लावून 'अलाउड आयपीज'मध्ये घालते, कारण जास्त नेमका मार्ग आधी धरला जातो. कायमचा इलाज ऑफिसचा पट्टा बदलणं हाच.

दोन बिघाड मात्र फक्त वायरगार्डचे. एकच कॉन्फिग फाइल (जिच्यात की आणि सर्व्हरचा पत्ता असतो) लॅपटॉप आणि फोन दोन्हीवर टाकली की सर्व्हर शेवटच्या पॅकेटच्या पत्त्यालाच खरा मानतो आणि दोन्ही यंत्रं आळीपाळीने बंद पडल्यासारखी वागतात. प्रत्येक यंत्राला वेगळी की द्या, यात सवलत नको. दुसरा घड्याळाचा: हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो आणि आधीपेक्षा जुना शिक्का सर्व्हर नाकारतो. मदरबोर्डची बॅटरी संपून घड्याळ मागे गेलेल्या लॅपटॉपवर बाकी सगळं बरोबर असूनही जोडणी होत नाही.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. वापरकर्त्याचं नाव-पासवर्ड किंवा ओटीपी यात मुळातच नाही. ज्याच्या हाती फाइल, त्याच्या हाती प्रवेश. लॅपटॉप हरवला की त्याची पब्लिक की सर्व्हरवरून तत्काळ काढायची व्यवस्था हवीच. माणसं खूप असतील तर वरून ओळख तपासणारी वेगळी प्रणाली घ्या, हाताने की सांभाळणं धोक्याचं आहे.

आणि वायरगार्ड टीसीपीवर (वेबसाइट सहसा वापरतात ती डेटा पाठवण्याची पद्धत) चालत नाही. पाहुण्यांच्या वायफायवर पुष्कळदा फक्त वेबचे पोर्ट उघडे असतात. नेहमीच्या ५१८२० पोर्टऐवजी यूडीपी ४४३ वर सर्व्हर ठेवला तर काही ठिकाणी निभावतं, सगळीकडे नाही. म्हणून टीसीपी ४४३ वर ओपनव्हीपीएन मी अजून चालू ठेवलं आहे, आणि प्रवासावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर दोन्ही बसवून, चालवून बघूनच देते.